दिसायचं नाही, पण ओळखू यायचं! – पॅरा कमांडोंच्या गणवेशामागचं विज्ञान

विद्यार्थी मित्रांनो, सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. आधी डोळे मिटून चित्र नजरेसमोर आणा.

हिवाळ्याचे दिवस आहेत. नंदुरबार शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या आहेत. नजर जाईल तिथपर्यंत लालच लाल. त्या पथारीच्या मधोमध भारतीय सैन्याचा एक पॅरा कमांडो उभा आहे. अंगात हिरव्या-मातकट ठिपक्यांचा अगदी नवा गणवेश, चेहऱ्याला रंग फासलेला. तो तुम्हाला दिसेल का?

हसू आलं ना? लांबच्या रस्त्यावरून बसमधून जाणाऱ्या माणसालाही तो दिसेल. आता त्याच कमांडोला उचलून पावसाळ्यात तोरणमाळच्या उतारावर, झाडोऱ्यात बसवा. तुम्ही त्याच्यापासून वीस पावलांवरून निघून जाल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

कपडे तेच आणि माणूसही तोच. मग बदललं काय? फक्त जागा. आजचा धडा इथूनच सुरू होतो. त्या गणवेशात जादू नसते. तो ठरावीक जागेसाठी, ठरावीक कामासाठी आणि ठरावीक माणसासाठी बनवलेला असतो. या तीन गोष्टी नीट समजल्या, की शेवटी येणारा एक गंभीर मुद्दाही तुम्हाला आपोआप पटेल.

मायावरण म्हणजे काय?

इंग्रजीतून आलेला कॅमोफ्लाज हा शब्द तुम्ही ऐकलेला असेल. मराठीत त्याला मायावरण किंवा छद्मावरण म्हणतात. आजूबाजूच्या परिसरात मिसळून जाऊन स्वतःला लपवणं, किंवा आपण जे आहोत ते नाहीच असं भासवणं, म्हणजे मायावरण.

बऱ्याच जणांना वाटतं, की जंगल हिरवं, म्हणून कपडे हिरवे, झालं काम! पण तसं नाही. रंग हा या गोष्टीचा फक्त एक भाग आहे. पूर्ण हिरवा, एकाच रंगाचा शर्ट घालून झाडीत उभे राहा. माणूस ओळखू येतोच. का येतो?

आपल्याला एखादी वस्तू का दिसते?

आपले डोळे आणि मेंदू मिळून सतत एक काम करत असतात. ते कडा शोधतात. डोक्याचा गोल, त्याखाली मान, मग दोन्ही बाजूंना उतरणारे खांदे हा आकार मेंदूच्या इतका ओळखीचा आहे, की अंधुक उजेडातही आपण म्हणतो, "अरे, तिथे कोणीतरी उभं आहे!" चेहरा दिसत नाही, कपडे कळत नाहीत, पण माणूस आहे हे कळतं.

म्हणून मायावरणाचं खरं काम असतं ही कड मोडणं. गणवेशावरचे गडद आणि फिके डाग मुद्दाम असे टाकतात, की एखादा गडद डाग खांद्याच्या कडेपर्यंत जातो आणि मागच्या सावलीत मिसळतो, तर शेजारचा फिका डाग उन्हात चमकणाऱ्या पानांमध्ये मिसळतो. मेंदूला अखंड खांदा मिळतच नाही. त्याला मिळतात चार-पाच सुटे तुकडे, आणि तो त्यांना पानं, माती, सावली समजून सोडून देतो.

तुमच्यापैकी जे एनसीसीत आहेत त्यांना फील्ड क्राफ्टचा धडा आठवत असेल. वस्तू नजरेला का पडते, याची कारणं तिथे शिकवतात. ती अशी :

१. आकार – माणसाचा, हेल्मेटचा, बंदुकीचा ओळखीचा आकार.
२. सावली – आपण लपलो तरी सावली बाहेर पडते.
३. बाह्यरेषा – टेकडीच्या माथ्यावर उभं राहिलं, की आकाशाच्या पार्श्वभूमीवर पूर्ण आकृती उठून दिसते.
४. पृष्ठभाग आणि चमक – घड्याळाची काच, पितळी बक्कल, घामेजलेलं कपाळ.
५. अंतर – निसर्गात वस्तू सारख्या अंतरावर नसतात. सारख्या अंतरावर चालणारी माणसं लगेच कळतात.
६. हालचाल – या यादीतली सगळ्यात मोठी चुगलखोर हीच.

आता या यादीकडे पुन्हा बघा. सहापैकी किती गोष्टी कपडा सांभाळू शकतो? आकार थोडा, चमक थोडी. बाकीचं सगळं सैनिकाच्या शिस्तीवर! म्हणजे गणवेश अर्धं काम करतो आणि उरलेलं अर्धं प्रशिक्षण करतं. दुकानातून पहिलं अर्धं विकत घेता येतं, दुसरं नाही.

सातपुड्यातले गुरुजी

हे सगळं माणसाने शोधलं असं समजू नका. आपल्या सातपुड्यात हे शिकवणारे गुरुजी केव्हापासून राहतात.

रातवा हा पक्षी घ्या. दिवसा तो सरळ जमिनीवर, वाळलेल्या पानांत बसतो. अंगावर राखाडी, तपकिरी, काळ्या रेघांची नक्षी. पाय जवळजवळ त्याच्यावर पडेपर्यंत तो हलत नाही. उडाल्यावरच कळतं की इथे पक्षी होता. रंग, नक्षी आणि स्थिर राहणं, तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून तो वाचतो. तोच रातवा डांबरी रस्त्यावर येऊन बसला तर गाडीच्या दिव्यात लगेच दिसतो. जागा चुकली!

दुसरा गुरू बिबट्या. तळोदा-शहादा भागातल्या शेतकऱ्यांना तो उसात केव्हा येऊन बसला हे कळतच नाही. उसाच्या पानांतून झिरपणारं ऊन जमिनीवर कवडसे टाकतं. कुठे उजेड, कुठे काळोख. बिबट्याच्या पिवळसर अंगावरचे काळे ठिपके नेमके या कवडशांत विरघळतात. म्हणून तर उसाच्या शेतात एकटं जाऊ नका, जाताना आवाज करत जा, असं आपल्याला सांगितलं जातं.

तिसरा गुरू हरणासारखे प्राणी. चितळाचं पोट पांढरट आणि पाठ गडद का असते? ऊन वरून पडतं, त्यामुळे पाठ उजळ दिसते आणि पोटाखाली सावली पडते. पाठ गडद आणि पोट फिकं असलं, की हा फरक पुसला जातो आणि प्राणी सपाट, चपटा दिसतो. अमेरिकी चित्रकार ॲबट थेयर याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही गोष्ट नीट मांडली. सैनिक चेहरा रंगवताना हेच करतात. कपाळ, नाक, गालाची हाडं हे चमकणारे उंचवटे गडद रंगाने झाकतात आणि डोळ्यांखालचा, हनुवटीखालचा सावलीचा भाग फिका ठेवतात. चेहरा सपाट होतो, म्हणजे चेहरा वाटतच नाही.

लाल कोटापासून ठिपक्यांपर्यंत

एक काळ असा होता, की सैनिकाने दिसावं अशीच अपेक्षा असायची. ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई भडक लाल कोट घालत. तेव्हाच्या बंदुका जवळूनच मारा करायच्या, आणि दारूच्या धुरात आपला कोण, परका कोण हे ओळखणं जास्त गरजेचं होतं.

बंदुका लांब मारा करू लागल्या तसा लाल कोट जिवावर बेतू लागला. १८४६ मध्ये पेशावर भागात उभारलेल्या गाइड्स नावाच्या पलटणीसाठी हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने मातकट रंगाचे कपडे निवडले. त्या रंगाला आपल्याकडचंच नाव मिळालं, खाकी. खाक म्हणजे धूळ, राख. पुढे जगभराच्या फौजांनी ही खाकी उचलली.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सने १९१५ मध्ये मायावरणासाठी चक्क चित्रकारांची तुकडी उभारली. तोफा, गाड्या, निरीक्षणाच्या जागा कशा रंगवायच्या हे चित्रकार ठरवू लागले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या दाट जंगलात खाकी उठून दिसू लागली, म्हणून तिथल्या भारतीय आणि ब्रिटिश सैनिकांच्या अंगावर हिरवे कपडे आले. स्वातंत्र्यानंतर आपल्या सैन्याची ओळख बनलेला ऑलिव्ह ग्रीन रंग याच वळणाचा.

त्याच युद्धात विमानातून उडी मारणाऱ्या ब्रिटिश सैनिकांसाठी डेनिसन स्मॉक नावाचा सैलसर अंगरखा निघाला. त्यावर ब्रशचे फटकारे मारल्यासारखे हिरवे-तपकिरी पट्टे असत, आणि सुरुवातीचे काही अंगरखे खरोखर हातानेच रंगवलेले होते. त्याला मागच्या बाजूला एक शेपटासारखा पट्टा होता. तो दोन्ही पायांमधून पुढे घेऊन बटणाने लावायचा, म्हणजे हवेत उडी मारल्यावर अंगरखा वर सरकत नसे. बघा, पॅराशूट सैनिकाच्या कपड्याला लपवण्याशिवाय आणखी किती कामं असतात! भारतीय पॅरा सैनिकांच्या जुन्या गणवेशावरही असेच ब्रशच्या फटकाऱ्यांसारखे पट्टे असायचे.

पॅरा कमांडो आणि महाराष्ट्र

पॅराशूट रेजिमेंट ही भारतीय सैन्याची हवाई मार्गाने उतरणारी रेजिमेंट. तिच्यातल्या निवडक बटालियनांना स्पेशल फोर्सेस म्हणतात. यांनाच आपण बोलताना पॅरा कमांडो म्हणतो. शत्रूच्या हद्दीत आत घुसणं, दिवसेंदिवस लपून पाळत ठेवणं, अचानक घाला घालणं अशी यांची कामं. लपणं ज्यांचा रोजचा धंदा आहे, असे हे सैनिक.

यातल्या दोन बटालियनांची मुळं मराठा लाइट इन्फंट्रीत आहेत. २ पॅरा ही मूळची ३ मराठा. ११ डिसेंबर १९७१ रोजी या बटालियनने बांगलादेशात टांगाईलजवळ पॅराशूटने उड्या घेतल्या, पुंगळीचा पूल ताब्यात घेतला आणि ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची वाट अडवली. दुसरी २१ पॅरा. ती मूळची २१ मराठा लाइट इन्फंट्री, १ फेब्रुवारी १९९६ रोजी स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतरित झाली.

सातारा जिल्ह्यातले कर्नल संतोष महाडिक याच २१ पॅराचे अधिकारी. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाड्याच्या जंगलात, ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत असताना, दहशतवाद्यांशी लढताना ते शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी नंतर खडतर प्रशिक्षण पूर्ण केलं आणि २०१७ मध्ये त्या स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. या कपड्याची किंमत रुपयांत का मोजता येत नाही, ते अशा घरांकडे पाहिलं की कळतं.

२०२२ चा नवा गणवेश

१५ जानेवारी २०२२, सेना दिन. दिल्लीच्या करिअप्पा मैदानावर संचलनात पॅराशूट रेजिमेंटची तुकडी एका नव्याच गणवेशात चालत आली. सैन्याचा नवा लढाऊ गणवेश देशाने पहिल्यांदा पाहिला तो या पॅरा सैनिकांच्या अंगावर. दिल्लीच्या निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तो तयार झाला. फॅशन शिकवणारी संस्था आणि सैनिकाचा गणवेश, गंमत वाटते ना? पण कापड, माप आणि शिवण यांचं ज्ञान तिथेच तर आहे.

या गणवेशाची नक्षी डिजिटल आहे. म्हणजे तिच्यात गोलसर डागांऐवजी बारीक बारीक चौकटी दिसतात, जणू मोबाइलवर फोटो खूप मोठा केल्यावर दिसतात तशा. ते आधुनिक दिसावं म्हणून केलेलं नाही. निसर्गात कुठलीच कड गुळगुळीत नसते; पानं, गवत, खडे सगळं बारीक तुकड्यांत असतं. बारीक चौकटींमुळे जवळून पाहणाऱ्याला कड सापडत नाही. मग फक्त बारीक ठिपकेच का नाही छापत? कारण लांबून बारीक ठिपके एकमेकांत मिसळतात आणि सगळा माणूस एकाच रंगाचा गोळा दिसतो! म्हणून बारीक चौकटी मिळून मोठे डागही तयार व्हावे लागतात. जवळच्या नजरेसाठी बारीक नक्षी, लांबच्या नजरेसाठी मोठी नक्षी. दोन्ही एकाच कापडावर.

कापड, खिसे आणि शिवण

नवं कापड ७०:३० प्रमाणाचं आहे : ७० टक्के सुती आणि ३० टक्के पॉलिएस्टर. हे प्रमाण का? निव्वळ सुती कापड घाम शोषतं, पण भिजलं की जड होतं आणि वाळायला वेळ लागतो. निव्वळ पॉलिएस्टर लवकर वाळतं, पण उन्हात अंगाची लाही करतं, आणि आगीची धग लागली तर वितळून कातडीला चिकटतं. दोन्हींचा मेळ घातला, की कापड हलकं, टिकाऊ आणि लवकर वाळणारं होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा अंगात कोणता शर्ट बरा वाटतो ते आठवा, म्हणजे हा हिशोब लगेच कळेल.

आता शिवण बघू. याचं जाकीट पँटमध्ये खोचायचं नसतं, वरून सोडायचं असतं. त्यामुळे हवा खेळती राहते. छातीवरचे खिसे तिरके असतात. डाव्या बाहीवर खिसा आणि पुढच्या हातावर पेनासाठी जागा असते. पँटची कंबर इलॅस्टिक आणि बटणांनी कमी-जास्त करता येते, आणि पायांच्या सांध्याशी दुहेरी कापड लावलेलं असतं. रांगताना, उड्या मारताना, करवंदीच्या जाळीतून जाताना कपडा पहिल्यांदा तिथेच तर फाटतो! महिला सैनिकांसाठी मापं आणि शिवण वेगळी ठेवली आहे. आत घालायला साधा हिरवा गोल गळ्याचा टी-शर्ट.

तुमच्या घरात कोणी शिवणकाम करत असेल तर त्यांना ही माहिती जरूर सांगा. हा गणवेश नेमक्या मापाने शिवला जावा म्हणून निफ्टच्या शिक्षकांनी सैन्यातल्या आणि बाहेरच्या शिंप्यांसाठी खास कार्यशाळा घेतल्या. संरक्षणाच्या कामात टेलरमास्तरांचाही वाटा असतो, तो असा.

कडक इस्त्री नको रे बाबा!

शाळेचा गणवेश कसा हवा? स्वच्छ, नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा. लढाईतला गणवेश याच्या अगदी उलट.

त्याचं कारण अंधारात आहे. रात्री पाहण्यासाठी वापरली जाणारी काही उपकरणं आपल्या डोळ्यांना न दिसणारे, लाल रंगाच्या पलीकडचे अवरक्त किरणही टिपतात. हिरवी पानं हे जवळचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकतात. साध्या रंगाचं हिरवं कापड दिवसा पानासारखं दिसलं, तरी त्या उपकरणातून ते पानांपेक्षा वेगळं, काळपट किंवा फटफटीत दिसू शकतं. म्हणून लष्करी कापडाचे रंग असे निवडतात, की ते अवरक्त किरणांतही झाडोऱ्यासारखेच वागतील.

आता अशा कापडाला 'चमकदार पांढरेपणा' देणारी साबणपूड वापरली, स्टार्च केलं, तर काय होईल? कपड्यावर चमक आणणाऱ्या रसायनांचा थर बसतो आणि एवढ्या कष्टाने साधलेलं मायावरण बिघडतं. आपल्याला जी चकाकी हवीहवीशी वाटते, ती तिथे जीव घेऊ शकते.

पायातल्या बुटांचंही तसंच. संचलनाचे बूट आरशासारखे चमकवतात. जंगलात मात्र कापड आणि रबराचे हलके जंगल बूट कामाला येतात. ओढ्यातून गेलं तरी ते लवकर वाळतात, आणि त्यांना चमक नसते. ओले पाय तासन्‌तास तसेच राहिले तर कातडी सोलते, आणि चालता न येणारा सैनिक सगळ्या तुकडीचा वेग कमी करतो.

एकच गणवेश सगळीकडे चालेल का?

आपल्या सातपुड्याकडेच बघा. श्रावणात धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगर गडद हिरवे असतात. तेच डोंगर मार्चमध्ये बघा. सागाची पानं गळालेली, जमिनीवर तपकिरी पाचोळा, मधूनच पळसाचा केशरी जाळ. पाचोळ्यावर पाय पडला की कर्रकन आवाज. जागा तीच, पण मायावरणाच्या दृष्टीने दोन वेगळे प्रदेश! श्रावणातला गडद हिरवा कपडा मार्चमध्ये उठून दिसेल.

अमेरिकी सैन्याने हा धडा महागात घेतला. २००४ मध्ये त्यांनी वाळवंट, जंगल, शहर सगळीकडे चालेल असा एकच करडा डिजिटल गणवेश जाहीर केला. झालं असं, की तो जवळजवळ कुठेच नीट मिसळेना. २०१० पासून अफगाणिस्तानात जाणाऱ्या सैनिकांना दुसऱ्या नक्षीचे कपडे द्यावे लागले. डिजिटल म्हणजे आपोआप चांगलं असं नसतं; रंग मातीशी जुळायलाच हवेत. भारतात तर सियाचीनचा बर्फ, राजस्थानची वाळू आणि ईशान्येचं जंगल असं सगळंच आहे. म्हणून बर्फात पांढरे कपडे घालतात.

आणि जिथे जास्तच लपायचं असतं, तिथे लपून नेम धरणारे सैनिक गिली सूट घालतात. त्याला सुतळीचे धागे, कापडाच्या चिंध्या लटकवलेल्या असतात. पण त्यातही तिथलंच गवत, तिथलीच पानं खोवावी लागतात. आणि तोडलेली पानं काही तासांत कोमेजतात, तेव्हा ती बदलावी लागतात. शेवटी काय, ज्या मातीत लपायचं, त्या मातीचीच ओळख हवी. गडचिरोलीत १९९० मध्ये उभारलेलं सी-६० हे महाराष्ट्र पोलिसांचं विशेष पथक याच विचाराने बनलं. त्यात स्थानिक, त्यातही अनेक आदिवासी तरुण घेतले गेले, कारण त्यांना तिथलं जंगल, वाटा आणि भाषा जन्मापासून ठाऊक होती. सातपुड्यात वाढलेल्या मुलामुलींनो, जंगल वाचता येणं ही किती मोठी विद्या तुमच्याकडे आहे, हे यावरून ओळखा.

लपवणाऱ्या कपड्यावर ओळखीची खूण

आता एक विरोधाभास बघा. इतकं लपायचं, मग पॅरा सैनिकांची टोपी चक्क मरून रंगाची का? कारण ती लपायच्या वेळी घालायचीच नसते. मरून बेरे ही संचलनाची, छावणीतली टोपी. मोहिमेवर निघाले, की हेल्मेट किंवा मायावरणाची टोपी डोक्यावर येते.

तसाच बलिदान बिल्ला. खाली टोक केलेली कट्यार, तिला पंख आणि त्यावर देवनागरीत लिहिलेला शब्द : बलिदान. तो फक्त स्पेशल फोर्सेसच्या सैनिकांनाच लावता येतो. २०१९ च्या विश्वचषकात महेंद्रसिंह धोनीच्या हातमोज्यांवर ही कट्यार दिसली आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने ती काढायला सांगितली, तेव्हा देशभर चर्चा झाली होती.

म्हणजे गणवेश दोन कामं करतो. शत्रूच्या नजरेपासून लपवतो, आणि आपल्या माणसाला सांगतो, 'हा आपला आहे, याच्यावर विश्वास ठेव.' मला विचाराल तर दुसरं काम पहिल्याइतकंच मोलाचं आहे.

बाजारातला 'आर्मीवाला' कपडा

आणि इथेच तो गंभीर मुद्दा येतो. २ जानेवारी २०१६ रोजी पठाणकोटच्या हवाई दलाच्या तळावर हल्ला करणारे दहशतवादी भारतीय सैन्यासारख्याच गणवेशात होते. त्यांनी याच दुसऱ्या कामाचा, विश्वासाचा गैरफायदा घेतला. त्यानंतर सैन्याने लोकांना आवाहन केलं, की सैन्याच्या नक्षीचे कपडे घालू नका, आणि दुकानदारांनाही सांगितलं, की ते विकू नका.

नव्या गणवेशाच्या बाबतीत सैन्याने आधीच काळजी घेतली. नक्षी आणि रचना यांची बौद्धिक संपदा म्हणून नोंदणी केली. ती २१ ऑक्टोबर २०२२ च्या पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या नोंदणीमुळे दहा वर्षं, आणि पुढे आणखी पाच वर्षं वाढवता येईल इतका काळ, दुसऱ्या कोणालाही हा कपडा बनवून विकता येणार नाही. सुरुवातीला सुमारे ५०,००० संच सैन्याच्या कॅन्टीन भांडारांमधूनच दिले गेले.

कायदाही आहे. सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूने तसा पोशाख घालणं किंवा तशी खूण बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, कायद्यात हेतूला महत्त्व आहे. भरतीसाठी पळताना ठिपक्यांची पँट घालणाऱ्या पोराच्या मनात फसवणूक नसते, प्रेम असतं, हे मला पूर्ण ठाऊक आहे. पण विचार करा. बाजारात अशी हजारो माणसं फिरू लागली, तर खरा सैनिक आणि सोंग घेतलेला माणूस यांतला फरक चौकीवरच्या जवानाने एका क्षणात ओळखायचा कसा? तो क्षण चुकला तर जीव जातो.

आणखी एक साधी गोष्ट. सकाळच्या अंधारात रस्त्यावर धावताना अंगात मायावरणाचे कपडे म्हणजे गाडीवाल्यापासून स्वतःला लपवणंच! तिथे हवा पांढरा, पिवळा, चटकन दिसणारा टी-शर्ट.

करून पाहा

वर्गात हा प्रयोग जरूर करा. जुन्या पुठ्ठ्याच्या माणसाच्या आकाराच्या वीतभर उंच चार बाहुल्या कापा. पहिली पूर्ण हिरवी रंगवा. दुसरी पूर्ण तपकिरी. तिसरीवर हिरवे-तपकिरी मोठे डाग काढा, पण ते कडेपर्यंत न्या. चौथीवर तेच डाग काढा, पण कडेपासून आत ठेवा. शिक्षकांनी त्या शाळेच्या आवारात पाचोळ्यात आणि झुडपाशी उभ्या कराव्यात. मुलांच्या दोन गटांनी दहा पावलांवरून शोधावं आणि कोणती किती सेकंदांत सापडली ते वहीत लिहावं. मग त्याच बाहुल्यांना दोरा बांधून हळूच हलवून बघा. तोच प्रयोग जुलैमध्ये आणि मार्चमध्ये करा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवा.

तक्ता पाहून पुढील प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहा :

१. तिसऱ्या आणि चौथ्या बाहुलीत रंग सारखेच असूनही फरक का पडला?
२. हलवल्यावर सगळ्यात चांगली लपलेली बाहुली किती वेळ टिकली?
३. शेतात पक्षी हाकलणाऱ्या बुजगावण्याला मायावरण का नको?

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या नक्की सैन्यात जातील, एखादी मुलगी किंवा मुलगा मरून टोपीपर्यंतही पोहोचेल. तो गणवेश तुम्हाला सरकार देईल, मापाने शिवून देईल, आणि तो अंगावर चढवण्याचा हक्क तुम्ही घाम गाळून मिळवलेला असेल. तोपर्यंत साध्या चड्डी-बनियनवर धावा, वेळ नोंदवा, अभ्यास करा. कोणी विचारलं, "काय रे, आर्मीची पँट नाही घेतलीस?" तर सांगा, "घेणार नाही, मिळवणार आहे."